आधी पाणी, मग नायड: फँटसी आरपीजीसाठी जलपरी घडवण्याची पद्धत

आरपीजी म्हणजे पात्रं वठवून टेबलावर खेळायचा खेळ, आणि गेम मास्टर म्हणजे तो चालवणारा. नव्या गेम मास्टरने बनवलेली जलपरी बहुधा एकाच साच्यातून निघते. सुंदर चेहरा, लांब केस, एक मोहिनी आणि साठेक हिट पॉइंट (जीव किती उरलाय त्याचा आकडा). ती पाण्यातून वर येते, गाते, एका खेळाडूला भुलवते आणि तिसऱ्या फेरीत बाण खाऊन मरते. माझी पहिली तर दुसऱ्याच फेरीत गेली. काठापासून साठ फुटांवर उभा असलेला धनुर्धारी माझ्या हिशेबातच नव्हता. मग लोक हिट पॉइंट वाढवतात, आणि तेच कंटाळवाणं प्रकरण दोन फेऱ्या जास्त चालतं.

हे दुखणं आकडे वाढवून बरं होत नाही, कारण मुळात कामाचा क्रमच उलटा असतो. आधी रूप, मग शक्ती, मग आकडे, आणि सगळ्यात शेवटी "ही एका तळ्यात राहते" अशी एक ओळ. खाली हाच क्रम उलटा केला आहे. आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतले, २०१४ च्या नियमांप्रमाणे आहेत. तुम्ही दुसरी सिस्टीम खेळत असाल तर पाचव्या टप्प्यात तुमचे तक्ते वापरा, बाकीचं तसंच ठेवा.

## सुरू करण्यापूर्वी

चौकटींचा कागद घ्या, एक चौकट म्हणजे पाच फूट. शिवाय पार्टीबद्दल, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या गटाबद्दल, एवढं लिहून ठेवा: प्रत्येकाची पातळी, विज्डम सेव्ह (मोहिनीसारखा परिणाम टाळण्याच्या फाशात मिळवायचा आकडा), कॉन्स्टिट्यूशनचा मॉडिफायर (काटकपणाचा तसाच आकडा), लांबून मारा कोण करतं, आणि कोणाला पोहण्याचा वेग आहे का. पार्टीत एल्फ किंवा हाफ-एल्फ असेल तर त्याच्या नावापुढे खूण करा. त्यांना चार्मविरुद्ध, म्हणजे मोहिनीविरुद्ध, ॲडव्हान्टेज मिळतो: दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. ही खूण न केल्यामुळे मोहिनीवर उभा केलेला अख्खा प्रसंग एका फाशात आडवा झालेला मी पाहिला आहे.

नावाचाही घोळ आधीच मिटवा. मराठीत "जलपरी" म्हटलं की कमरेखाली शेपटी दिसते, आणि "अप्सरा" म्हटलं की इंद्राचा दरबार, जरी त्या शब्दाच्या मुळाशी पाणीच असलं तरी. ग्रीक कथांमधल्या जलदेवतांना शेपटी नसते. गोड्या पाण्यातल्या त्या नायड, समुद्रातल्या नेरीड. सायरन तर वेगळीच जात, जुन्या चित्रांत ती अर्धी पक्षी असते. टेबलावर "जलपरी" म्हणालात तर निम्मे खेळाडू मासोळी कल्पून बसतील आणि तिला जमिनीवर ओढायचे बेत करतील. मी पुढे नायड हाच शब्द वापरतो.

## १. पाणी ठरवा

नायडचं चित्र काढण्याआधी तिच्या पाण्याचा नकाशा काढा. ग्रीक परंपरेत नायडमध्येही पोटभेद आहेत: झऱ्याच्या पेगाये, नदीच्या पोटामिड, तळ्याच्या लिम्नाड, दलदलीच्या एलिओनोमी. ही नावं पाठ करायची गरज नाही, पण ही वाटणी फार उपयोगी आहे, कारण प्रत्येक पाणी वेगळं लढतं. नदी ओढून नेते. तळं लपवतं. दलदल पाय धरते. झरा लहान असतो, त्यामुळे तिथली नायड कायम काठाच्या जवळ सापडते, आणि ती हुशार नसेल तर टिकत नाही.

पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. खोली किती, तीन वेगवेगळ्या जागी? तळ दिसतो का? पाणी कुठून येतं आणि कुठे जातं? प्रवाहाचा जोर किती? काठ कसा आहे, चिखल, कातळ की वेत?

उदाहरणासाठी मी डोंगरकपारीतला एक झरा घेतो. एकाखाली एक अशी तीन कुंडं: वरचं तीन फूट खोल, मधलं पंधरा फूट, खालचं सहा फूट. तिन्ही कातळाखालच्या भेगांनी जोडलेली. भेग एवढी अरुंद की माणूस जाऊ शकत नाही, पाणी जातं.

तपासा: नायड पुसून टाका. उरलेल्या नकाशावर खेळाडूंना चढण्या-उतरण्यासारखं, अडवण्यासारखं, सोडण्यासारखं काही आहे का? नसेल तर ते पाणी म्हणजे जमिनीवर फासलेला निळा रंग आहे. पुन्हा काढा.

## २. तिला त्या पाण्याशी बांधा

ग्रीक समजुतीत नायडचा जीव तिच्या पाण्यात असतो. झरा आटला की तीही संपते. तिची सगळ्यात मोठी ताकद आणि सगळ्यात मोठी उणीव या एकाच गोष्टीतून निघते, म्हणून हा टप्पा वगळू नका.

तीन गोष्टी ठरवायच्या. ती पाण्यापासून किती लांब जाऊ शकते (माझ्या नायडला ६० फूट). पाण्याबाहेर असताना तिचं काय कमी होतं. आणि पाणी गढूळ झालं, अडवलं किंवा विटाळलं तर तिच्या अंगावर काय दिसतं. तिसरं उत्तर डोळ्यांना दिसणारं असू द्या: कुंडात गाळ आला की तिच्या त्वचेवर करडे डाग उमटतात, पाणी अडवलं की आवाज घोगरा होतो.

सावधान: हे बंधन फक्त तुमच्या वहीत राहिलं तर त्याचा उपयोग शून्य. लढाईच्या आधी खेळाडूंना त्याच्या निदान तीन खुणा मिळायला हव्यात. एक हमखास हुकते, एकीकडे कोणी लक्ष देत नाही, तिसरी लागते.

## ३. तिला काय हवंय ते एका वाक्यात लिहा

हेराक्लिसचा तरुण सोबती हिलास पाणी भरायला गेला आणि झऱ्यातल्या जलदेवतांनी त्याला आत ओढून घेतलं. त्यांना तो मारायचा नव्हता, ठेवून घ्यायचा होता. मारायला आलेल्या प्राण्याशी खेळाडू फक्त लढतात. ठेवून घेणाऱ्याशी मात्र बोलणी होतात, सौदा होतो, फसवाफसवी होते.

वाक्याचा साचा असा: "तिला ___ हवंय, कारण ___. त्यासाठी ती ___ पर्यंत जाईल, पण ___ कधीच करणार नाही."

माझ्या नायडचं वाक्य: "तिला वरच्या खाणीतला गाळ थांबवायला हवाय, कारण मधलं कुंड भरत चाललंय. त्यासाठी ती माणसं ओलीस ठेवेल, पण कोणालाही आपल्या कुंडात मरू देणार नाही, कारण प्रेताने पाणी नासतं."

शेवटची रिकामी जागा लोक हमखास रिकामीच सोडतात. खरं तर सगळ्यात जास्त काम तीच करते. वरच्या ओळीतून लगेच कळतं की बुडायला आलेल्या शत्रूला ही नायड स्वतः काठावर फेकून देईल. कोणत्याही आकड्याशिवाय तिच्या वागण्याचा नियम मिळाला.

## ४. शक्ती: तीन, जास्त नाहीत

आता कुठे शक्ती. प्रत्येक शक्ती पहिल्या तीन टप्प्यांतल्या एखाद्या ओळीकडे बोट दाखवून समजावता आली पाहिजे. येत नसेल तर खोडा. माझ्या यादीत तीन राहिल्या:

कुंडातून कुंडात. आपल्या पाळीत एकदा ती एका कुंडातून नाहीशी होऊन जोडलेल्या दुसऱ्या कुंडातून वर येते. भेगा म्हणूनच काढल्या होत्या.

पाण्याचा फटकारा. वीस फुटांपर्यंत पोचणारा हल्ला. लागला तर १३ डीसीचा (डीसी म्हणजे फाशाने गाठायचा आकडा) स्ट्रेंग्थ सेव्ह, चुकला तर लक्ष्य दहा फूट तिच्याकडे ओढलं जातं.

हाक. एकावेळी एकाच व्यक्तीवर. विज्डम सेव्ह, डीसी १३.

सगळ्यात जास्त चुका या तिसऱ्या शक्तीत होतात, म्हणून इथे थोडं थांबू. पाचव्या आवृत्तीत "चार्म्ड" या अवस्थेचा अर्थ फार मर्यादित आहे. भुललेली व्यक्ती भुलवणाऱ्यावर हल्ला करू शकत नाही किंवा त्याच्यावर घातक शक्ती वापरू शकत नाही, आणि भुलवणाऱ्याला तिच्याशी बोलण्या-वागण्याच्या चाचण्यांत ॲडव्हान्टेज मिळतो. बस्स. ती आज्ञा पाळत नाही, पाण्याकडे चालू लागत नाही, मित्रांवर तलवार उगारत नाही. तुम्हाला तिने पाण्याकडे चालावं असं वाटत असेल तर ते शक्तीच्या मजकुरात वेगळं लिहावं लागेल. मी असं लिहितो: "सेव्ह चुकल्यास लक्ष्य एक मिनिटासाठी चार्म्ड. आपल्या पाळीत ते आपली हालचाल नायडच्या पाण्याकडे जाण्यासाठी वापरतं, कृती मात्र त्याची त्यालाच निवडता येते. पाळीच्या शेवटी आणि इजा झाल्यावर पुन्हा सेव्ह. एकदा यश आलं की २४ तास हाक लागू होत नाही."

"कृती त्याची त्यालाच निवडता येते" हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत. पूर्वी माझी मोहिनी पूर्ण ताबा घेत असे. एक खेळाडू वीस मिनिटं फासे न टाकता बसून राहिला आणि शेवटी मोबाईल काढला. आता तो पाण्याकडे चालत असतो, पण चालता चालता मित्राला बरं करू शकतो, आरडाओरडा करू शकतो, खांबाला दोरी बांधू शकतो.

हिशेबही पाहून घ्या. १३ डीसीला +१ विज्डम सेव्ह असलेला खेळाडू ५५ टक्के वेळा चुकतो. त्याच खेळाडूला ॲडव्हान्टेज असेल तर साधारण ३० टक्के. +५ वाला ३५ टक्के. म्हणजे पार्टीत एक क्लेरिक (चांगला विज्डम सेव्ह असलेला पुजारी) आणि दोन एल्फ असतील तर हाक हा मुख्य धोका होऊच शकत नाही, ती फक्त एक अडचण राहते. शिवाय नायड फे (परीलोकातले प्राणी) प्रकारात मोडते, आणि पहिल्या पातळीचं प्रोटेक्शन फ्रॉम ईव्हिल अँड गुड हे मंत्रसंरक्षण फे प्राण्यांची मोहिनी अडवतं. ते कोणाकडे आहे का, बघून ठेवा. उलट बाजूने, चार्म पर्सन आणि होल्ड पर्सन फक्त ह्युमनॉइडवर (माणूस, एल्फ वगैरे) चालतात, नायडवर नाही. खेळाडू ते टाकून मंत्र वाया घालवण्याआधी त्यांच्या पात्राला आर्केनाची (जादूच्या ज्ञानाची) एक चाचणी द्या.

सावधान, बुडणं: बुडवून मारणारी नायड नियमांत बसत नाही. श्वास रोखण्याची मुदत एक मिनिट अधिक कॉन्स्टिट्यूशन मॉडिफायर इतकी मिनिटं असते. +१ वाल्याला दोन मिनिटं, म्हणजे सहा सेकंदांच्या वीस फेऱ्या. तुमची लढाई पाच फेऱ्यांत संपते. म्हणून "ती त्याला खाली ओढते" असं कितीही भीतीदायक आवाजात सांगितलंत तरी अनुभवी खेळाडू शांत बसतो.

यावर माझा घरगुती नियम आहे: पाण्याखाली असताना इजा झाली की १० डीसीचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, चुकला तर एक मिनिटाची हवा गेली. +१ वाल्याचे दोन सेव्ह चुकले की छाती रिकामी. त्यानंतर मॉडिफायरइतक्या फेऱ्या, निदान एक, आणि मग शून्य हिट पॉइंट. हा नियम लढाईच्या मध्यावर काढू नका, सत्राच्या सुरुवातीला जाहीर करा.

## ५. आता आकडे

चौघांची तिसऱ्या पातळीची पार्टी धरू. त्यांच्यासाठी मध्यम लढाईचा उंबरठा ६०० एक्सपी (अनुभवाचे गुण), कठीण लढाईचा ९००. चॅलेंज रेटिंग (प्राणी किती कठीण त्याचा आकडा) ३ म्हणजे ७०० एक्सपी. बसतंय.

- आकार मध्यम, कॉन्स्टिट्यूशन १४. हिट पॉइंट १२डी८ (आठ बाजूंचे बारा फासे) + २४, म्हणजे सरासरी ७८.
- डेक्स्टेरिटी १६, आर्मर क्लास (हल्ला लागायला गाठावा लागणारा आकडा) १३. चिलखत नको, पाण्यात ते शोभत नाही.
- करिष्मा १७, म्हणून +३. प्रोफिशियन्सी (सरावाचा बोनस) +२. डीसी = ८ + २ + ३ = १३.
- पाळीत दोन फटकारे, प्रत्येकी २डी६ + ३, म्हणजे सरासरी १० आणि १०. हल्ल्याचा बोनस +५.
- पाळीच्या सुरुवातीला तिचे पाय आपल्या पाण्यात असतील तर १० हिट पॉइंट परत.
- वेग जमिनीवर ३० फूट, पाण्यात ४० फूट.

चॅलेंज रेटिंग दोन बाजूंनी काढायचं असतं. बचाव: दर फेरीला परत येणारे हिट पॉइंट तिपटीने धरतात, म्हणून ७८ + ३० = १०८. तक्त्यात १०१ ते ११५ म्हणजे रेटिंग ३, आणि तिथे अपेक्षित आर्मर क्लास १३ च आहे. हल्ला: फेरीला २० इजा म्हणजे रेटिंग २. पण तिथे अपेक्षित बोनस +३ आणि आपला +५, दोनचा फरक, म्हणून एक पायरी वर, ३. सरासरी ३.

आता तिला पाण्याबाहेर काढून पुन्हा मोजा. परत येणारे हिट पॉइंट गेले, उरले ७८, म्हणजे बचाव रेटिंग १. हल्ला तोच. सरासरी २. खेळाडूंनी तिला कोरड्यावर आणलं तर लढाई एक पायरी सोपी होते. हा फरक दिसला तरच दुसऱ्या टप्प्यातलं बंधन आकड्यांत उतरलं म्हणायचं.

तपासा: पाण्यातलं आणि बाहेरचं रेटिंग सारखंच येत असेल तर मागे दुसऱ्या टप्प्यावर जा. दोनपेक्षा जास्त फरक असेल तर एका युक्तीत लढाई संपेल, परत येणारे हिट पॉइंट कमी करा.

## ६. अंतरं आणि पहिल्या तीन फेऱ्या

साठ फुटांवरच्या धनुर्धारीकडे परत येऊ. नकाशावर मधल्या कुंडापासून सगळ्यात लांबचं सरळ नजरेत येणारं ठिकाण मोजा. ते चाळीस फुटांपेक्षा जास्त असेल तर कातळाचा सुळका, वेत, वळण, काहीतरी आड आणा. पूर्ण बुडालेल्या नायडवर काठावरून नेम धरणाऱ्याला डिसॲडव्हान्टेज (दोन फाशांतला लहान आकडा), हाही माझा घरगुती नियम.

जे खेळाडू पाण्यात उतरतील त्यांच्यासाठी पुस्तकातले नियम एका चिठ्ठीवर लिहून समोर ठेवा. पोहण्याचा वेग नसेल तर प्रत्येक फुटाला एक फूट जास्त खर्च. तसंच पोहण्याचा वेग नसेल तर पाण्याखाली जवळचा हल्ला डिसॲडव्हान्टेजने, अपवाद खंजीर, जॅव्हलिन, शॉर्टसोर्ड, भाला आणि त्रिशूळ. पूर्ण बुडालेल्याला आगीपासून रेझिस्टन्स (इजा निम्मी). बहुतेक पार्ट्यांतला लांब तलवारवाला योद्धा इथे पहिल्यांदा आपल्या पिशवीतला खंजीर शोधतो, आणि तो क्षण फार छान असतो.

मग तिच्या पहिल्या तीन पाळ्या आधीच लिहा. माझ्या अशा: पहिली, काठाजवळच्या सर्वांत जड चिलखतवाल्याला हाक. दुसरी, मधल्या कुंडातून खालच्या कुंडात आणि तिथून दोन फटकारे. तिसरी, ज्याच्याकडून जास्त इजा झाली त्याला ओढणं. पुढचं टेबलावर ठरेल. हिट पॉइंट २५ च्या खाली गेले की ती वरच्या कुंडात जाते आणि बोलायला लागते. हे शेवटचं वाक्य ठळक अक्षरांत लिहा, लढाईच्या भरात हेच विसरतं.

## ७. कोरडी चाचणी

फासे न टाकता सरासरीवर एक लढाई खेळा. पार्टी फेरीला २८ इजा करते असं धरा (तुमच्या पार्टीचा खरा आकडा गेल्या दोन सत्रांवरून काढा). नायड पाण्यात राहिली तर ७८ वरून ५०, परत ६०, मग ३२, ४२, १४, २४, आणि चौथ्या फेरीत संपली. पाण्याबाहेर तिसऱ्या फेरीत. म्हणजे २५ चा उंबरठा पाण्यात तिसऱ्या आणि बाहेर दुसऱ्या फेरीत ओलांडला जातो, त्यानंतर तिला बोलायला एक पाळी तरी मिळाली पाहिजे. पाण्यात असताना ती मिळते. बाहेर असेल तर नेम नाही, म्हणून तिथे उंबरठा ३५ करा.

एकटा प्राणी विरुद्ध चार खेळाडू यात पाळ्यांचा हिशेब कायम खेळाडूंच्या बाजूने असतो. चाचणीत ती तीन फेऱ्याही टिकत नसेल तर हिट पॉइंट वाढवण्याऐवजी तिला एक काम द्या जे पार्टीच्या दोन जणांना लढाईबाहेर ठेवेल. ओलीस माणूस मधल्या कुंडात गळ्यापर्यंत पाण्यात उभा असेल तर कोणीतरी त्याच्याकडे जाणारच.

## ८. टेबलावर

सौंदर्याचं वर्णन दोन ओळींत आटपा आणि ते पाण्यावरून घ्या: बोलताना तिच्या ओठांतून थंड वाफ येते, ती उभी राहिली की पाठीमागचा कातळ तिच्यातून अंधुक दिसतो. मोहिनीला लाडिक, लैंगिक रंग देणं हा या प्राण्याचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात आळशी वापर आहे. काहींना ते नको असतं, आणि ते तोंडाने सांगतीलच असं नाही. सत्राआधी विचारा, आणि टेबलावर एक्स कार्ड (नको असलेला प्रसंग न बोलता थांबवण्यासाठी बोट ठेवायचं कार्ड) ठेवा. हाक ही तहान असू शकते, घरची आठवण असू शकते, हरवलेल्या माणसाचा आवाज असू शकतो. कोणाला काय ऐकू येतं ते त्या खेळाडूलाच विचारा. उत्तरं तुमच्या कल्पनेपेक्षा बरी येतात.

खेळाडूने बंधनाची खूण ओळखली आणि वेगळाच मार्ग काढला, उदाहरणार्थ वर जाऊन खाणीचा गाळच अडवला, तर अडवू नका. एक्सपी पूर्ण द्या.

आणि तिला मारलंच, तर स्टॅट ब्लॉकच्या (तिच्या आकड्यांच्या यादीच्या) खाली आधीच लिहून ठेवलेली ओळ वाचा: तिन्ही कुंडांचं काय झालं, किती दिवसांत, आणि खालच्या गावाला हे पहिल्यांदा कधी कळलं.